सुभद्रेनं शिवलेला सैतान

वाचकहो, शंकासुराचं सोंग घ्यावं तर ह्या लवूनंच! हे मी नाही म्हणत, अख्खा मालवण मुलूख म्हणतो. आमच्याकडे दशावतारी खेळ सुरू झाला की सगळ्यांच्या आधी शंकासुर नाचत येतो. काळा झगा, तोंडावर काळं फडकं आणि त्यातून लोंबणारी हातभर तांबडी जीभ! पोरं रडतात, बायका हसतात आणि पेंगणारे म्हातारे सावरून बसतात. माझा आजा शंकासुर, माझा बाप शंकासुर. मी पोटासाठी मुंबईला आलो आणि लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायला उभा राहिलो, म्हणून अंगातला शंकासुर काही निघून गेला नाही.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. बापानं मला एकच नियम शिकवला होता, "ज्याच्यार हसतीत, ता परत कर!" ह्या एका नियमावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. चौथी जगेल की नाही, याची मला हल्ली शंका वाटते.

तर झालं असं. आमच्या गिरणीत इनास नावाचा फिटर होता. दादरचा किरिस्ताव, दिसायला देखणा आणि पितळी बाजा फुंकण्यात पटाईत. एक दिवस माझ्या साच्याला तेल घालायला आला आणि सगळं तेल माझ्या धोतरावर ओतलं!

"अरे इनास! डोळे काय घरी ठेवून आलास?"

"लव्या, मी मेलो रे," तो म्हणाला.

"मेल्यावर धुणार कोण हे धोतर? काय झालं ते सांग!"

"कालिंदी."

मी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कालिंदी? म्हणजे आमच्यातली? इनास, मार खाशील हां!"

"नाय रे बाबा, किरिस्तावच आहे. पण मिशनची."

आता मला काय ठाऊक, किरिस्तावांतही दोन तऱ्हा असतात म्हणून! इनासनं समजावलं. त्याचे लोक जुने, पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचे. त्यांचं देऊळ दादरला, त्यात मेणबत्त्या, मूर्ती, सायबिणीला, म्हणजे त्यांच्या मरियामातेला, हार. त्यांच्या गुरूला म्हणायचं पाद्री. मिशनवाले नवे. त्यांची नावंही आपलीच, चिंतामणी काय, आनंदीबाई काय. देवळात मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, नुसती पेटी वाजवून भजनं म्हणायची. त्यांच्या गुरूला म्हणायचं पाळक. आणि कालिंदी ही गिरगावच्या कुशाबा पाळकांची एकुलती एक मुलगी. ती पेटी वाजवायची. इनास एका वरातीत बाजा फुंकत गिरगावातून चालला होता, तेव्हा पेटी ऐकून जो थांबला तो वरात पुढे निघून गेली तरी तिथंच उभा! नवरदेव बिनबाजाचा मांडवात पोचला.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं. "तू किरिस्ताव, ती किरिस्ताव. आमच्यात तर जात बघा, कूळ बघा, देवक बघा!"

"अरे, आमच्यात त्याहून जास्त अडतं! पाद्री म्हणतो पोरगी इकडे आण. पाळक म्हणतो पोरगा इकडे येऊ दे. तिला सायबिणीपुढे गुडघे टेकायचे नाहीत, मला सायबीण सोडायची नाही. आणि आता पाळकानं नगरचा एक विधुर हेडमास्तर ठरवलाय. शिमग्याच्या सुमाराला तो येणार आणि तिला घेऊन जाणार. लव्या, ती गेली तर मी हा बाजा समुद्रात टाकीन आणि त्याच्यामागून मीही जाईन!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मी पडलो असा, की दुसऱ्याचं अडलेलं दिसलं की माझ्या पायाला मुंग्या येतात. बसवतच नाही! "इनास," मी छाती ठोकून म्हटलं, "रडायचं नाही. पडद्यामागं राम आणि रावण एका ताटात जेवताना बघितलेत मी. दोन देवळं काय चीज आहेत? हे लग्न मी जमवतो!"

पुढच्या रविवारी गिरणीला सुट्टी होती. आधी गेलो दादरला, पाद्री दुमिंगबाबांकडे. गोल, गोरापान, गोव्याकडचा म्हातारा. पायघोळ काळा झगा, गळ्यापासून पायापर्यंत बटणंच बटणं. अंगणात चिखल होता म्हणून झगा दोन चिमटींत धरून टुणकन उडी मारून आला. म्हणाला, "पोरगी आमच्या देवळात येऊं दी. फाल्यां लग्न लावतां!"

तिथून घोड्याच्या ट्रामनं गिरगाव गाठलं. कुशाबा पाळक उंच, सडपातळ, काळा कोट, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. बोलण्याआधी पट्ट्या ओढायचे, घसा खाकरायचे. म्हणाले, "मुलानं सत्याकडे यावं. उद्या विवाह लावतो."

परत दादर. परत गिरगाव. सायबिणीवर एकमत नाही, मेणबत्तीवर नाही, मूर्तीवर नाही. ट्रामचा घोडासुद्धा माझ्याकडे ओळखीनं बघायला लागला! शेवटी वैतागून मी पाळकांना विचारलं, "साहेब, सैतान मानता की नाही?"

"अर्थात! मनुष्याचा तो वैरी आहे!"

धावत पाद्रीबाबांकडे. "बाबा, सैतान?"

"वायट! एकदम वायट!"

जमलं! वाचकहो, ह्या दोघांचं देवाबद्दल जमत नव्हतं, पण सैतानाबद्दल अक्षरन् अक्षर जमत होतं! मी जागच्या जागी ठरवलं, नाटक करायचं. कंपनी नको, मालक नको, आपलं आपण. नाव 'संगीत सैतानमर्दन'. श्रद्धाबाई नावाची एक भाविक पोरगी, तिला छळणारा सैतान, शेवटी देवदूत येतो आणि सैतान पळतो. त्यात ना मूर्ती, ना मेणबत्ती. बाजा दादरचा, पेटी गिरगावची. पाद्री आणि पाळक शेजारीशेजारी बसून पोट धरून हसले, की तिथंच मी इनासला पुढे करणार आणि लग्नाचा शब्द घेणार. हसऱ्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हे मी खेळात शंभरदा पाहिलंय. दोघांनाही जाऊन सांगितलं. "सैतान हरतो ना शेवटी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तयार झाले!

श्रद्धाबाईच्या कामाला माझा साचेवाला दोस्त दत्तू, मिशा काढायला तयार झाला म्हणून. आणि सैतान कोण? विचारायला पाहिजे का!

घरी मात्र पंचाईत होती. आमच्या चाळीतली गंगुबाई म्हणजे चालता-बोलता दवंडीवाला. तिनं मला पाद्रीबाबांच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं, आणि तडक माझ्या बायकोला, सुभद्रेला गाठलं. झालं! "सुभद्रे, तुझो घोव पाव खाता हां! मियां माझ्या डोळ्यांनी बघलंय!"

पाव खाल्ला म्हणजे बाटला, असा तो काळ! बिस्किटाच्या एका तुकड्यावरून माणसं वाळीत पडत होती. गावी खबर गेली असती तर सुभद्रेला माहेरचा उंबरा बंद. ती रडली, ओरडली, जेवली नाही.

"खरा सांगा! पाव खाल्लास?"

"नाय गो! च्या प्यालंय. ता पण बशीतून!"

"मगे थंय जातास कशाक?"

खरं सांगितलं असतं तर तिनं मला खांबाला बांधून ठेवलं असतं. म्हटलं, "गिरगावातल्या एका मंडळीत शंकासुर करूचो आसा. तू झगो शिव." हे काही खोटं नव्हतं. गिरगावची मंडळीच होती, फक्त ती उपासनेची मंडळी होती.

शंकासुर म्हटल्यावर सुभद्रा विरघळली. सासऱ्याचा शंकासुर बघून ती लग्नाला तयार झालेली! गिरणीतलं काळं कापड मी आणलं होतं, जरा जास्तच होतं, म्हणून तिनं झगा पायघोळ केला. पळून जाताना झटकन काढता यावा म्हणून पुढं वरपासून खालपर्यंत बटणं लावली. आणि तोंडावरचं फडकं नाचताना सरकू नये म्हणून गळ्याशी बांधायला दोन पांढऱ्या पट्ट्या शिवल्या, कारण काळं कापड संपलं होतं. आमचा आरसा तळहाताएवढा. मला त्यात जीभ तेवढी दिसली. झकास होती!

खेळ ठरला रविवारी दुपारी, परळला एका माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या वाडीत. दादरचे लोक गिरगावला जाईनात, गिरगावचे दादरला येईनात, म्हणून मधली जागा. आल्याआल्या पाळकसाहेबांनी वर बघितलं. "लवू, त्या माडांना मडकी कसली बांधली आहेत?" ते दारूच्या थेंबाचे वैरी! मी म्हटलं, "पाखरांना पाणी, साहेब." त्यांना फार बरं वाटलं.

डावीकडे दादरवाले बसले, लाल लुगडी, सोन्याच्या माळा, हॅटी. उजवीकडे गिरगाववाले, पगड्या आणि बिनकुंकवाची कपाळं. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. पुढं पाद्री आणि पाळक यांच्या दोन खुर्च्या. त्या त्यांनी इतक्या लांब ठेवल्या होत्या, की मी येताजाता पायानं सरकवत सरकवत एकमेकींना चिकटवल्या. मला कुठं धड उभं राहवत नव्हतं! पडद्यातून बघावं तर इनास बाजा हातात धरून कालिंदीकडे बघतोय, कालिंदी पेटीवर बोटं ठेवून इनासकडे, आणि दोघंही पांढरेफटक.

बाजा आणि पेटी एकदम सुरू झाली, आणि काय सांगू, सूर जुळले! डावीकडच्या बायका उजवीकडे माना वळवून बघायला लागल्या. दत्तू श्रद्धाबाई होऊन आला, लाजला, डोळे मिटून प्रार्थनेला बसला. आणि मी घेतली उडी!

पहिल्याच उडीला झग्यात पाय अडकला. पडता पडता मी झगा दोन चिमटींत धरला आणि टुणकन बाजूला झालो. उजवीकडून हास्याचा स्फोट! आता झगा उचलण्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळेना. पण बापाचा नियम! मी पुन्हा झगा उचलला, पुन्हा टुणकन. गिरगाववाले लोळायचे बाकी राहिले.

तेवढ्यात गळ्याच्या पट्ट्या आवळल्या. श्वास कोंडला. मी पट्ट्या ओढल्या आणि घसा खाकरला. आता डावीकडून स्फोट! दादरवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आयला! मी परत पट्ट्या ओढल्या, परत खाकरलो. मग एकदा झगा, एकदा पट्ट्या. एकदा टुणकन, एकदा खाकरणं. उजवीकडे हशा, डावीकडे हशा! सैतानाच्या एवढ्या स्वागताला दत्तू कंटाळला आणि डोळे उघडून म्हणाला, "मेल्या, माका छळ तरी!"

मी पुढं सरकलो. समोर बघतो तर पाद्रीबाबा आणि पाळकसाहेब, खांद्याला खांदा लावून हसताहेत! पाद्रीबाबा रुमालानं डोळे पुसताहेत, पाळकसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरलाय. कालिंदी पेटी वाजवायची विसरून बापाकडे बघत राहिलेली. मी मनात म्हटलं, लवू, जमवलंस! आता इनासला पुढं करायचं, बस्स.

तेवढ्यात पाद्रीबाबा पाळकांच्या कानाशी वाकले. पण हसताना माणसाला कुजबुजता येत नाही. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

"पाळकसायब, राग मानूं नाका हां! पूण तुमची नक्कल बेस करता!"

"माझी?" पाळकसाहेब हसत हसत म्हणाले. "छे छे! मला तर वाटलं आपली!"

वाचकहो, हसणं थांबलं. दोघांनी माझ्याकडे नीट बघितलं. पाद्रीबाबांनी माझा झगा बघितला आणि आपल्या बटणांवरून हात फिरवला. पाळकसाहेबांनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात आपोआप आपल्या पट्ट्यांकडे गेला. मला वाटलं, खेळ पडतोय! खेळ पडायला लागला की शंकासुरानं काय करायचं? ज्यावर हसले ते परत करायचं! मी एका हातानं झगा उचलला, दुसऱ्या हातानं पट्ट्या ओढल्या, टुणकन उडी मारून खाकरलो, वर दोन्ही बाजूंना आशीर्वादाचा हात केला.

"धरा त्याला!" पाळक ओरडले.

"धर रे ताका!" पाद्री ओरडले.

मधली बैलगाडीची वाट क्षणात भरून गेली. हॅटी आणि पगड्या एकत्र धावून आल्या. झगा झटकन काढण्यासाठी बटणं होती, पण सुभद्रेचा टाका पक्का, काजं घट्ट! एक बटण सुटेना. मी तसाच पळालो.

परळहून लालबागचा रस्ता मी कसा कापला, ते माझं मला ठाऊक. तोंडावरचं फडकं डोक्यावर सरकलेलं, जीभ मागं पाठीवर उडतेय. वाटेत खेळाला उशिरा निघालेली एक किरिस्ताव म्हातारी आडवी आली. झगा बघून तिनं माझा हात धरला आणि चुंबला. "बेसांव दिया, पाद्री!" तिला आशीर्वाद हवा होता. दिला बापडीला, आणि वळून पळालो. मागून तिला ती जीभ दिसली असणार, कारण अशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती!

चाळीत शिरलो तर जिन्यात गंगुबाई. तिनं मला नखशिखान्त बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "सुभद्रे गो! धाव! तुझो घोव बाटलो! नुसतो बाटलो नाय, एकदम पाद्रीच झालो!"

सगळी चाळ बाहेर. सुभद्रा पळी घेऊन आली, झगा बघून थबकली. "अगो, पन ह्यो झगो तर मियां शिवलंय!"

"म्हंजे तूच केलंस त्याका पाद्री!" गंगुबाई म्हणाली. बायका 'अगो बाय' म्हणत दोन पावलं मागं सरकल्या. सुभद्रेचा चेहरा पांढरा पडला. तिला असं एकटीला उभं पाहून मला खरंच भरून आलं. पण ती माझ्या दिशेनं वळली, आणि मी थेट खोलीतल्या खाटेखाली घुसलो.

तेवढ्यात खाली घोडागाडी थांबली. परळच्या नाक्यावर भाड्याची एकच गाडी होती, म्हणून पाद्री आणि पाळक एकाच गाडीतून आले होते. दोघेही माफी वसूल करायला धापा टाकत जिना चढले. दारात सुभद्रा, हातात पळी.

"इलास? एकट्यान येवक भियालास म्हणान दोघे इलास? माझ्या घोवाक बाटवक?"

"बाई," पाळक पट्ट्या सावरत म्हणाले, "गैरसमज होतो आहे. हा मनुष्य आम्हांला नको आहे!"

"आमकांय नाका, बाये!" पाद्रीबाबा म्हणाले. "फुकट दिलो तरी नाका!"

"अगदी बरोबर!" पाळक म्हणाले. "फुकट दिला तरी नको!"

चाळीनं सुटकेचा श्वास सोडला. लवू बाटला नव्हता! दोन्ही धर्मांनी जाहीर सांगितलं होतं, की घेणार नाही. आता सुभद्रा शांत होईल म्हणून मी खाटेखालून डोकं काढलं. पण ती कसली शांत होतेय!

"फुकट दिलो तरी नको?" पळी वर गेली. "काय वायट आसा माझ्या घोवात? साचो चलयता, दारू पिणा नाय, माका कधी हात लावक नाय! त्याचो शंकासुर बगूक पाच गावची माणसां येतत! आनी तुमका फुकट नको?"

पाद्री आणि पाळक एकाच वेळी एक पायरी उतरले. मला खाटेखाली इतका अभिमान वाटला, की डोकं खाटेच्या लाकडावर आपटलं.

एवढ्यात इनास आणि कालिंदी धावत वर आले. ती धापा टाकत बापाचा हात धरायला गेली आणि इनास माझी बाजू घ्यायला. सुभद्रेनं दोघांकडे बघितलं. "हीं खयचीं?"

इनासनं एका दमात सगळं सांगितलं. लग्न, सायबीण, नगरचा हेडमास्तर, नाटक. सुभद्रा ऐकत राहिली. मग तिनं पळी पाळकांकडे वळवली.

"माझ्या घोवाक नको म्हणताना दोघे एका तोंडान बोललास. मगे ह्या पोरांचा काय अडला?"

"बाई, प्रश्न तत्त्वाचा आहे," पाळक म्हणाले.

"खय रवता तो तत्त्व? बोलवा त्याका! मी बोलतंय त्याच्याशी!"

पाद्रीबाबांच्या पोटातून आवाज आला. हसू दाबताना येतो तसला. पाळकांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं आणि त्यांचेही ओठ हलले. दोघांनीही माना फिरवल्या.

तेव्हा कालिंदी बोलली. चाळीसमोर, परक्या माणसांसमोर.

"आप्पा, आई गेल्यापासून मी तुम्हांला हसताना बघितलं नव्हतं. आज बघितलं. आणि तुम्ही कुणाच्या शेजारी बसून हसत होतात, आप्पा? मी इनासचं देऊळ मागत नाही, इनासला मागतेय. माझी प्रार्थना माझ्याजवळ राहील, त्याची त्याच्याजवळ. पण मला नगरला पाठवू नका. मी तिथं मरून जाईन."

गंगुबाईनंसुद्धा पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. इनास हॅट हातात चुरगाळत उभा. अखेर पाळक पाद्रीबाबांना म्हणाले, "आपल्याकडे यावर काही तोड असते का?"

"वयर बिशपाक विचारूंक जाय," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. "कठीण आसा. पूण विचारतां. हांव स्वता वतां."

सुभद्रेनं पळी खाली केली. "आता बसा. च्या घेतलास?"

परवानगी यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत इनासनं गिरणीतल्या एकूण एका माणसाच्या धोतरावर तेल सांडलं, आणि मी रोज दादरला जाऊन पाद्रीबाबांच्या फाटकाबाहेरून विचारायचो, कारण फाटकाच्या आत मला मनाई होती. पण परवानगी आली! शिमग्याच्या आधी आली! नगरच्या हेडमास्तरांना पाळकांनी नम्रपणे नाही कळवलं. अशा मिश्र लग्नाला देवळाच्या आत मुभा नाही म्हणे, म्हणून ते दादरच्या देवळाच्या बाजूच्या खोलीत लागलं, आणि जेवण गिरगावात पाळकांच्या अंगणात. कालिंदी हसली की इनासचा बाजा चुकायचा, आणि ती सारखी हसत होती. आम्हां हिंदू मंडळींसाठी बामण आचारी लावून वेगळी पंगत मांडली होती. म्हणजे मी, दत्तू, आणि "बघूया तरी" म्हणून आलेली गंगुबाई.

सुभद्रा मात्र आमच्या पंगतीत नव्हती. तिला अंगणाच्या मधोमध खुर्ची दिली होती. एका बाजूला पाद्रीबाबा, दुसऱ्या बाजूला पाळकसाहेब. दोघेही तिच्याशी वाकून वाकून बोलत होते. मधूनच एकमेकांकडे डोळे वटारत होते. मी लांबून बघितलं आणि मनाशी म्हटलं, लवू, आता तुझ्या नाटकाचं कौतुक चाललंय. अखेर कळली माणसांना किंमत!

परतताना ट्राममध्ये मला राहवेना. "काय गो, काय म्हणत होते ते दोघे?"

"बोलवत होते."

"खय?"

"देवळात. पाद्रीबाबा म्हणालो, असली बाई आमच्यात होयी. पाळक म्हणालो, नाय, आमच्यात होयी. मगे दोघे भांडाक लागले."

मी तिच्याकडे सरकलो. "आनी माझ्याबद्दल?"

"तुमचो इषयच निघालो नाय."

"मगे तू काय सांगितलंस?"

सुभद्रेनं पदर सावरला, बाहेर बघितलं. "इचार करून सांगतंय, म्हटलंय."

वाचकहो, अजून तिनं सांगितलेलं नाही. सकाळी नळावरचं पाणी मी भरतो, चूल मी पेटवतो, मासळी मी साफ करतो. मध्येच धीर करून विचारतो, "झालो काय गो इचार?" ती म्हणते, "चललोय." बरं, उठतो आता. तांदूळ निवडायचे राहिलेत, आणि ती इकडेच बघतेय!